आधी पुठ्ठ्याची पिशवी, मग चामड्याची

सांगलीहून एकाने लिहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०, तारांच्या चाकांची. रोजची ये-जा सांगलीतल्या सांगलीत, आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा घाट उतरून कोकणात. हत्यारं, पंक्चरचं सामान आणि एखादा रेनकोट मावेल अशी छोटी चामड्याची पिशवी गाडीला लावायची आहे. ‘प्युअर लेदर’ लिहिलेल्या तीन पिशव्या बघून ठेवल्यात: एक चेनवाली आणि टिकल्या ठोकलेली, दुसरी चुंबकाच्या बटणांची, तिसरी साधी, दोन पट्टे आणि दोन बकलं असलेली. यातली कुठली घ्यावी, कुठे लावावी, गाडीला भोकं पाडावी लागतील का? आणि जाता जाता शेवटी लिहिलंय की मागे कधी वडील बसतात, कधी आई. आई दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसते.

उत्तर लांबणार आहे, म्हणून पहिली गोष्ट लगेच सांगतो. तिन्हींपैकी एकही अजून घेऊ नका. तुम्ही जाता जाता जे लिहिलंत तेच खरं कामाचं आहे. आई कशी बसते यावरून तुमची पिशवी ठरणार. चामड्याचा नंबर त्यानंतर.

मी कोल्हापुरात गाड्यांच्या सीटा, कुशन आणि पिशव्या शिवतो. बावीस वर्षं झाली. माझ्याकडे येणारे बहुतेक जण पिशवी हातात घेऊन येतात आणि विचारतात, “ही कुठं बसंल?” खरं तर जागा आधी ठरवून मग पिशवी शोधायला हवी. कारण पिशवी कितीही चांगली असली तरी गाडीवर तिला मिळणारी जागा हाताच्या पंज्याएवढीच असते, आणि त्या जागेभोवती चाक फिरतं, शॉकअप वरखाली होतो, सायलेन्सर तापतो आणि माणसाचा पाय येतो. फोटोतल्या गाडीवर यातलं काहीच घडत नसतं.

म्हणून आधी पुठ्ठा घ्या. बुटांचं खोकं चालेल. त्यातून साधारण २८ सेंटिमीटर लांब, २० उंच आणि १० जाड असा डबा करा. आत तुमचीच हत्यारं भरा, म्हणजे वजनाचा अंदाज येईल, आणि चिकटपट्टी, सुतळी, जे हाताला लागेल त्याने गाडीला बांधा. मग दोन दिवस तशीच गाडी चालवा. शेजारीपाजारी हसतील, हसू देत. सिग्नलला पाय टेकवा. डबल स्टँडवर चढवा. साइड स्टँड पायाने काढा. बाजूचा किल्लीचा डबा उघडून बघा. वडिलांना बसवा, आईला बसवा, आणि चढताना-उतरताना कोणाचा पाय कुठे लागतो ते बघा. दोन दिवसांत पुठ्ठा जिथे चेपला, घासला किंवा काळा झाला ती जागा पेनाने खूण करून ठेवा. दुकानात उभं राहून हे कोणालाच कळत नाही, मलासुद्धा नाही.

आता जागांबद्दल.

डावी बाजू ही आपल्याकडे पिशवीची नैसर्गिक जागा, आणि ती देणगी साडीगार्डची, म्हणजे मागच्या चाकाशेजारच्या लोखंडी कठड्याची आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३व्या नियमाप्रमाणे मागच्या माणसासाठी धरायला मूठ, पाय ठेवायला जागा आणि मागचं चाक निम्म्याहून कमी झाकणार नाही असं संरक्षण हवंच. बरीच पोरं गाडी ‘क्लीन’ दिसावी म्हणून पहिल्याच आठवड्यात साडीगार्ड काढून ठेवतात आणि मग पिशवी चाकात जाऊ नये म्हणून दुसरा लोखंडी कठडा पैसे देऊन लावतात! गार्ड राहू द्या. नियम पाळला जातो, ओढणी-पदर सुरक्षित राहतात, आणि पिशवी टांगायला पक्का पाइप आयता मिळतो. गाडीला एकही भोक पाडावं लागत नाही.

अडचण आईची. एका बाजूला बसणाऱ्या बाईचे पाय नेमके त्याच गार्डच्या पायदानावर येतात. पिशवी तिथे असली तर तिला पाय बाहेर काढून, अवघडून बसावं लागतं, आणि खड्ड्यात तोल जातो. वडील दोन्हीकडे पाय टाकून बसतात. त्यांची टाच शॉकअपच्या पुढे राहते, त्यामुळे शॉकअपच्या मागे लावलेली पिशवी त्यांना लागत नाही. म्हणजे तुमच्यासाठी डावी बाजूच बरोबर, फक्त पिशवी अशी बसवायची की एका मिनिटात निघाली पाहिजे. आई बसणार त्या दिवशी पिशवी घरी राहील. कायमची ठोकलेली पिशवी तुमच्या घराला जमणार नाही.

उजवीकडे सायलेन्सर आहे, आणि तिथे मी सहसा हात घालत नाही. लोकांना वाटतं चामडं म्हणजे कातडं, त्याला काय होतंय. होतं. झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं ओलं असताना साधारण ७०-८० अंशांनाच आकसायला लागतं. क्रोममध्ये कमावलेलं शंभराच्या आसपास टिकतं. पावसात भिजलेली पिशवी आणि तापलेला सायलेन्सर, ही जोडी सगळ्यात वाईट. एका गिऱ्हाइकाची पिशवी मी बघितली आहे: वरून नवीकोरी, तळ भाजलेल्या पापडासारखा वळलेला आणि बोटाने दाबला की तुटणारा. असं आकसलेलं चामडं तेल लावून परत येत नाही. उजवीकडे लावायचीच असेल तर पाइपपासून चार बोटं मोकळी जागा आणि मध्ये पत्र्याचा आडोसा हवा, आणि तो पत्रा पिशवीला चिकटलेला नको. मध्ये हवा खेळली पाहिजे, नाहीतर पत्राच तवा होतो.

पुढच्या शॉकअपवर आडवी बांधलेली गोल पिशवी, हत्यारांची गुंडाळी ठेवतात ती, दिसायला मला स्वतःला फार आवडते. पण तुमच्या गाडीला ती लावताना टेप घेऊन बसा. क्लासिकच्या पुढच्या शॉकअपचा प्रवास १३० मिलिमीटर आहे. म्हणजे मोठ्या खड्ड्यात मडगार्ड तेवढं वर येऊ शकतं. पिशवीचा तळ आणि मडगार्डचा माथा यांत, गाडी डबल स्टँडवर असताना, १५ सेंटिमीटर अंतर नसेल तर कधी ना कधी मडगार्ड पिशवीला खालून ठोसा देणार, आणि तेही नेमकं ब्रेक दाबलेला असताना. शिवाय हँडल डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण वळवून बघायचं: क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल, ब्रेकचा पाइप, हेडलाइटकडे जाणारी वायर, यांतलं काहीही पट्ट्याखाली दाबलं जात नाही ना. वायरवर पट्टा घासला की दोन-तीन महिन्यांत वरचं आवरण जातं, आणि मग रात्री घाटात हेडलाइट का गेला ते कोणाला सापडत नाही. हँडलबरोबर फिरणाऱ्या भागावर वजन टाकलं की वळताना हाताला जडपणाही जाणवतो. तिथे अर्ध्या-पाऊण किलोच्या वर काही ठेवू नये. एवढ्यात पान्यांची गुंडाळीही नीट मावत नाही, म्हणून मी तुम्हाला ती सुचवत नाही.

क्रॅश गार्डवरच्या पिशव्यांना माझा विरोध साधा आहे. गाडी पडली की पहिला मार तिला, पावसात पुढच्या चाकाचा सगळा चिखल तिच्यावर, आणि मोठी असेल तर हवेवर थंड होणाऱ्या इंजिनापुढे ती भिंत होऊन बसते. मागच्या कॅरिअरवर मात्र काही वाईट नाही. आई वारंवार बसणार असेल तर कॅरिअर हाच मार्ग. फक्त टेललाइट, इंडिकेटर आणि नंबरप्लेट पाच-सहा पावलं मागे जाऊन, वाकून, उभं राहून, दोन्हीकडून बघा. झाकलं जाता कामा नये.

आत काय ठेवायचं हे ठरलं की माप आपोआप ठरतं. तुमची चाकं तारांची, म्हणजे आत ट्यूब. ट्यूबलेसवाल्यांचं सुई आणि दोरीवर भागतं. तुम्हाला टायर काढायच्या दोन पट्ट्या, पॅच, सोल्युशन, छोटा पंप आणि एक जादा ट्यूब लागेल. मागचं चाक १८ इंची, पुढचं १९ इंची; दोन ट्यूब बाळगायच्या नसतील तर मागची ठेवा, पंक्चर बहुतेक वेळा मागचंच होतं. चाक काढायला लागणारे पाने गाडीबरोबर मिळालेल्या संचात आहेत का ते घरीच एकदा नट सोडवून बघा. घाटात कळण्यात मजा नाही. दोन स्पार्क प्लग, एक क्लच केबल, थोडी तार, चिकटपट्टी, फडकं. एवढं दोन किलोच्या आत बसतं, आणि छोट्या पिशवीची मर्यादाही तीच धरा: आत दोन किलो, फार तर अडीच. रेनकोट गुंडाळून वर बसला तर बसला, नाहीतर तो सीटवर बांधायचा.

आरसी बुक, इन्शुरन्स यांच्या मूळ प्रती पिशवीत ठेवू नका. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधली कागदपत्रं २०१८ पासून ग्राह्य आहेत, आणि चामड्याची पिशवी उघडायला चोराला एक ब्लेड पुरतं. पॉवर बँक, औषधं, पेट्रोलची बाटली, हेही नको.

आता चामडं. तुमचा खरा प्रश्न इथे होता हे मला माहीत आहे, आणि माझाही जीव इथेच रमतो.

‘प्युअर’, ‘जेन्युइन’ या शब्दांना काही अर्थ उरलेला नाही. जाड कातडं मधून चिरून दोन थर करतात. वरच्या थरात खरी ताकद असते, तिथे तंतू घट्ट विणलेले असतात. खालचा थर मऊ, भुसभुशीत. त्याच्यावर प्लॅस्टिकचा रंगीत मुलामा देऊन, ठसा उमटवून विकतात. तेही चामडंच, म्हणून लिहिलेलं खोटं नसतं. त्याहून खालची पायरी म्हणजे कात्रणांचा भुगा गोंदात मळून लाटलेला पत्रा. तो दोन पावसाळ्यांत पोपडे सोडतो.

ओळखायचं कसं? पिशवीचा रंगवलेला दर्शनी भाग सोडा आणि कापलेली कड बघा. कडेला तंतू वरपासून खालपर्यंत सलग दिसले पाहिजेत. वर चकचकीत पापुद्रा आणि खाली वेगळाच मऊ थर दिसला तर ते खालच्या थराचं. कड जाड रंगाने पूर्ण लपवली असेल तर मी संशय घेतो. मग एक कोपरा दुमडा: चांगल्या चामड्यावर बारीक, जिवंत सुरकुत्या येतात आणि सोडल्यावर निवतात, मुलाम्यावर एक सरळ रेघ पडते. कडेत निळसर-करडा रंग दिसला तर ते क्रोमवर कमावलेलं, तपकिरी दिसला तर बहुधा सालीवरचं.

सालीवरचं म्हणजे बाभळीची साल आणि हिरडा यांच्यात मुरवलेलं, आपली कोल्हापुरी चप्पल ज्याची होते ते. ते ताठ असतं, आकार धरतं, वर्षागणिक रंगाने गडद आणि देखणं होतं. पाणी मात्र पटकन पितं. क्रोमचं मऊ, पाण्याला आणि उष्णतेला थोडं अधिक दाद न देणारं, पण मोठ्या पिशवीत लोंबतं. तुमच्यासारखा वापर असेल तर मी अंगाला सालीवरचं घेतो आणि मागे ताठ पाट घालतो. पाटाचं पुढे सांगतो. २०१५ मध्ये राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवर बंदी आल्यापासून आमच्याकडे येतं ते मुख्यतः म्हशीचं. त्याचा पोत भरड असतो, गायी-बैलाच्या चामड्यासारखा रेशमी दिसत नाही, पण गाडीच्या पिशवीला तो भरडपणा शोभतो. ओरखडे लपतात.

जाडी: अंगाला अडीच ते तीन मिलिमीटर, पट्ट्यांना साडेतीन-चार. पट्टा नेहमी जनावराच्या पाठीच्या चामड्याचा असावा. पोटाकडचं चामडं रबरासारखं ताणतं; त्याचा पट्टा केला तर पहिल्या पावसानंतर दोन भोकं पुढे घ्यावं लागतं, आणि पिशवी पेंगुळलेल्या माणसासारखी एका बाजूला कलते. पट्टा हातात धरून जोरात ओढा. नजरेला दिसेल एवढा लांबला तर नको.

स्वस्त-महाग कळायला एक हिशेब देतो. चामडं चौरस फुटावर विकतात. मी वर दिलेल्या मापाच्या पिशवीला, झाकण, बाजूच्या पट्ट्या, वादी-बकलांचे तुकडे आणि कात्रण धरून साडेतीन ते चार चौरस फूट लागतं. तुमच्या गावातल्या किंवा मुंबईत धारावीतल्या एखाद्या चामड्याच्या दुकानात चांगल्या मालाचा फुटाचा भाव विचारा आणि चारने गुणा. पूर्ण शिवलेली, बकलं लावलेली पिशवी त्या गुणाकारापेक्षा स्वस्त मिळत असेल तर ती कशाची आहे हे मला विचारायची गरज नाही.

शिवण बघताना लोक टाके जवळजवळ आहेत म्हणून खूश होतात. फार जवळ टाके म्हणजे पोस्टाच्या तिकिटाची कड. ओढ पडली की तिथूनच फाटतं. इंचाला पाच-सहा टाके पुरे. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात. एक टाका तुटला की पुढचे सुटत जातात. दोन सुयांनी हाताने घातलेल्या शिवणीत प्रत्येक भोकातून दोन्ही दोरे जातात, एक तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. सगळी पिशवी हाताने शिवलेली असावी असा माझा हट्ट नाही. जिथे पट्टा पिशवीला जोडलाय तिथे मात्र हातशिवण किंवा तांब्याची भरीव रिव्हेट हवी. पोकळ, चकचकीत टोपीची रिव्हेट शोभेची असते. दोरा मेण लावलेला, नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा. सुती दोरा पावसात कुजतो.

बकलांना खिशातलं चुंबक लावून बघा. चिकटलं तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. पितळेला चुंबक चिकटत नाही. लोखंडाचा तोटा नुसता गंजण्याचा नाही. सालीवर कमावलेल्या चामड्यात हिरड्याचा तुरटपणा असतो. त्याला लोखंड आणि पाणी मिळालं की काळा डाग पडतो आणि तो जन्मात निघत नाही. पूर्वी हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घालून काळी शाई करायचे, तेच हे रसायन, फक्त तुमच्या पिशवीवर.

आता तुमच्या तीन पिशव्या. चेनवाली बाद, चेनीत कोकणातली लाल माती एकदा बसली की ओढणारी चिमटी हातात येते. चुंबकवाली वापरायला सोपी, पण सिंगल सिलिंडरच्या थरथरीत आणि खराब रस्त्यावर नुसत्या चुंबकावर झाकण सोडायची माझी तयारी नाही. शिवाय तिच्यावरची बकलं बहुधा खोटी, दाखवायची असतात. तिसरी, साधी, ती घ्या. कड, पट्टा आणि बकल या तिन्ही परीक्षांत उतरली तर. झाकण पुढच्या बाजूवर निदान पाच सेंटिमीटर उतरलेलं असावं, आणि तळाला दोन बारीक आयलेट, म्हणजे धातूची कडी बसवलेली भोकं. नसतील तर कोणताही मोची मारून देईल. पाणी आत येणारच. ते बाहेर जायला वाट हवी.

बसवण्याकडे येतो. इथे माझी स्वतःची एक फजिती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. धंद्यात नवा होतो. जुन्या बुलेटला एका दुकानातून आणलेली पिशवी लावली आणि फोंडा घाटातून निघालो. पट्टा लांब होता, बकलातून पुढे वीतभर शेपूट लोंबत होतं. म्हटलं, घरी गेल्यावर कापू. घाटात वाऱ्याने ते शेपूट आत वळलं, तारांत गुंतलं, आणि एका क्षणात पिशवी आडवी होऊन मडगार्डमध्ये ओढली गेली. इंडिकेटरची दांडी मोडली, पाने रस्त्यावर सांडले. चढणीवर होतो, वेग नव्हता, म्हणून पायावर उभा राहिलो. तेव्हापासून माझ्या दुकानातून कोणताही पट्टा दोन लूपांशिवाय किंवा बोटभरापेक्षा लांब शेपटासह बाहेर जात नाही.

पिशवीला तीन ठिकाणी धरायचं. वरचे दोन पट्टे वजन पेलतात. तिसरा, खालचा, तिला झुलू देत नाही. दोनच पट्ट्यांवरची पिशवी दर खड्ड्याला गाडीवर थाप मारते, आणि प्रत्येक थापेला पट्ट्याची भोकं थोडी लांबट होत जातात. वरचे दोन पट्टे साडीगार्डच्या वरच्या आडव्या पाइपला, खालचा गार्डच्याच खालच्या पाइपला. तिन्ही गोष्टी एकाच भागाला बांधल्या पाहिजेत हे महत्त्वाचं. मी अशा गाड्या बघितल्यात की वरचा पट्टा चासीला आणि खालचा चिमट्याला, म्हणजे ज्यात मागचं चाक बसतं त्या आर्मला. चासी जागेवर, चिमटा खड्ड्यागणिक वरखाली. मधल्या पिशवीची ओढाताण होऊन आठवड्यात एक पट्टा जातो. शॉकअपच्या स्प्रिंगभोवतीही पट्टा गुंडाळू नका. दाबल्यावर स्प्रिंगचे वेढे जवळ येतात आणि चामडं कात्रीत सापडल्यासारखं कापलं जातं.

पिशवीच्या पाठीला आतून दोन मिलिमीटर ॲल्युमिनिअमचा पत्रा किंवा जाड प्लॅस्टिकचा पाट घाला, कोपरे गोल करून. यामुळे पिशवी लोंबत नाही आणि पट्ट्यांची ओढ चामड्याच्या एका टाक्यावर न येता पूर्ण पाठीवर पसरते. पाट पाठीला सहा नंबरच्या, चपट्या डोक्याच्या बोल्टने धरायचा, दोन्हीकडे मोठे वायसर, आणि नट नायलॉकच, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला. साधा नट सिंगल सिलिंडरच्या थरथरीत सुटतो. आत बोल्टच्या डोक्यांवर चामड्याची एक चकती चिकटवा.

पट्टा आणि पाइप यांच्यामध्ये जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा गुंडाळा. पट्टा सरकत नाही. पिशवी जिथे रंगीत पत्र्याला टेकते तिथे मात्र रबर नको, काळा डाग पडू शकतो; पारदर्शक फिल्म लावा, आणि दर धुण्याला पिशवी काढून मागचा भाग पुसा. रंग चामड्याने जात नाही, चामडं आणि रंग यांच्यामध्ये अडकलेली धूळ पॉलिश पेपरचं काम करते.

आईसाठी पिशवी पटकन निघावी म्हणून वरच्या दोन पट्ट्यांऐवजी पाटाला दोन चपटे हुक लावता येतात, रबर चढवलेले, वरून पाइपवर अडकणारे. मग बकल फक्त खालचं. हुक असले तरी खालचा पट्टा घट्ट हवा, नाहीतर खड्ड्यात पिशवी उडी मारून निघेल. आणि हुकाच्या जोडीला मी नायलॉनची एक बारीक फित गार्डला सैल अडकवून ठेवतो. चामडं तुटलं तर पिशवी रस्त्यावर पडण्याऐवजी फितीवर अडकते; ती फित एवढी आखूड असावी की पिशवी चाकापर्यंत पोचणार नाही. केबल टाय फक्त माप घेताना. उन्हात ते ठिसूळ होतात.

बसवून झालं की गाडी डबल स्टँडवर घेऊन मागचं चाक हाताने फिरवा. मग दोन माणसं बसवून गाडी दाबा आणि तिसऱ्याने बाजूला वाकून बघावं: पिशवी कशाला लागते का. वीस मिनिटं चालवून आल्यावर तळहात पिशवीच्या पाठीवर ठेवा. हात ठेवून राहता येत नसेल तर जागा चुकली. नवं चामडं पहिल्या ५० किलोमीटरमध्ये ताणतं, तेव्हा एक भोक आवळा, पहिल्या पावसानंतर पुन्हा एकदा. पाने जुन्या जीन्सच्या पायात गुंडाळून, जड वस्तू तळाला आणि गाडीच्या बाजूला ठेवा. मोकळे ठेवलेले पाने थरथरीत चामडं आतून किसतात. पिशवीत काळी पूड दिसली तर समजायचं.

पावसाळ्याबद्दल थोडं, कारण गगनबावड्याच्या पावसात कुठलीही पिशवी कोरडी राहत नाही. आतल्या सामानाला धुतलेली दुधाची पिशवी किंवा ड्राय बॅग वापरा आणि चामडं भिजू द्या. घरी आल्यावर फडक्याने पुसायचं, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, सावलीत आणि वाऱ्यावर टांगायचं. ऊन, हीटर, तापलेलं इंजिन, काही नाही. पूर्ण कोरडं व्हायच्या थोडं आधी एरंडेलाचा अगदी पातळ हात द्यायचा, बोटाला लागेल एवढाच, आणि दुसऱ्या दिवशी मधमाशांच्या मेणाने घासायचं. खोबरेल लोक सर्रास लावतात. २४ अंशांच्या खाली ते थिजतं, मग थंडीत पिशवीवर पांढरे ढग येतात आणि लोक बुरशी म्हणून घाबरतात. खरी बुरशी आली तर ओल्या फडक्याने पुसून वाऱ्यावर ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवलेली चामड्याची वस्तू कोकणात पंधरा दिवसांत हिरवी होते. आणि तेल लावलेली पिशवी रात्री रस्त्यावर गाडीला तशीच ठेवू नका. गल्लीतल्या कुत्र्यांना तिचा वास भारी आवडतो.

तिसरी पिशवी परीक्षेत उतरली नाही तर शिवून घ्या. सांगली-मिरजेत कुशनचं काम करणारे आहेत, कोल्हापुरात सुभाषनगरला चामड्याची माणसं आहेत. जाताना मोबाइलमधला फोटो दाखवण्यापेक्षा दोन दिवस गाडीवर फिरवलेला पुठ्ठा घेऊन जा, पेनाच्या खुणांसह. कारागीर तोच चामड्यावर ठेवून रापीने कापेल. त्याच्यावर ‘गाडीकडची बाजू’ आणि ‘पुढे’ असं ठळक लिहा. उलटा पुठ्ठा धरून कापलेली एक पिशवी माझ्या दुकानात अजून खिळ्याला टांगलेली आहे. तिच्यात मी बकलं ठेवतो.